केशी सारथी आणि आपल्या गोठ्यातील गोऱ्हा

बुद्धवंदना घेताना आपण रोज तथागतांना 'पुरिसदम्मसारथी' असे म्हणतो. लहान मुलेही हा शब्द न अडखळता म्हणतात. पण त्याचा अर्थ किती घरांत विचारला जातो? 'दम्म' म्हणजे ज्याला वळण लावायचे आहे तो. 'सारथी' म्हणजे घोड्यांना वळण लावून हाकणारा. वळण लावण्याजोग्या माणसांचा सारथी, असा हा शब्द आहे. मग सहजच प्रश्न उभा राहतो. सारथ्याच्या हातात चाबूक असतो आणि लगामही असतो. हिंसा त्यागा असे सांगणाऱ्या महापुरुषाला सारथ्याची उपमा का दिली गेली? आणि जनावराला वळण लावणे हे मुळात हिंसेचे काम आहे की नाही?

हा प्रश्न पोथीतला नाही, आपल्या दारातला आहे. भद्रावती परिसरात आयुध निर्माणी आली, कोळशाच्या खाणी निघाल्या, ट्रॅक्टरही आले. तरी तालुक्यातल्या आणि जंगलालगतच्या गावांत आजही वखराला व बंडीला बैल जुंपले जातात. ज्यांच्याकडे दोन-चार एकर आहे त्यांच्या गोठ्यात गोऱ्हा वाढतो, आणि अडीच-तीन वर्षांचा झाला की त्याला कामाला लावावे लागते. हे काम कसे करावे, यात धम्माचा काही संबंध आहे की नाही, हे उपासक कुटुंबाने ठरवले पाहिजे.

प्रथम बाहेरच्या जगात काय चालले आहे ते पाहू. घोड्याला शिकवण्याची जुनी रीत म्हणजे त्याला 'मोडणे'. दोरांनी बांधून, उपाशी ठेवून, मारून त्याची प्रतिकाराची इच्छाच संपवायची. या रीतीविरुद्ध अमेरिकेत टॉम डोरन्स, रे हंट यांसारख्या घोडेवाल्यांनी दुसरी वाट धरली. तिला नैसर्गिक अश्वशिक्षण म्हणतात. मॉन्टी रॉबर्ट्स हे तिचे सर्वांत गाजलेले नाव. १९८९ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना बोलावून त्यांची रीत पाहिली, आणि १९९६ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली.

या रीतीचे तत्त्व सोपे आहे. घोडा हा कळपात राहणारा आणि भक्ष्य होणारा प्राणी आहे. पळणे हा त्याचा बचाव, आणि कळपाबाहेर पडणे हे त्याचे सर्वांत मोठे भय. शिक्षक त्याला वर्तुळाकार कुंपणात सोडतो, त्याच्याकडे रोखून पाहत पुढे सरकतो आणि त्याला पळवत ठेवतो. घोड्याने कान वळवला, मान खाली घातली, तोंडाने चघळल्यासारखे केले की शिक्षक नजर काढून पाठ फिरवतो. घोडा आपणहून त्याच्या मागे येतो. फटका नाही, रक्त नाही, आणि अर्ध्या तासात पाठीवर खोगीर चढते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते.

परंतु या रीतीवर आक्षेपही घेतले गेले आहेत, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. आक्षेप घेणारे म्हणतात की घोडा आपणहून आला असे म्हणता, पण त्या कुंपणाला दार कोठे होते? पळत राहणे किंवा शरण येणे, एवढ्या दोनच वाटा त्याला ठेवल्या होत्या. त्रास द्यायचा, आणि हवे ते केले की त्रास थांबवायचा. त्रास थांबणे हेच बक्षीस. मग यात प्रेम किती आणि युक्ती किती? चाबूक हातातून गेला हे खरे. भय गेले काय?

आता आपल्या गोठ्यात येऊ. गोऱ्ह्याच्या दोन नाकपुड्यांमधला पडदा टोचून वेसण घालतात. तो भाग अतिशय कोवळा असल्यामुळेच एवढे मोठे जनावर एका दोरीने वळते. म्हणजे वेसण हे दुखण्याच्या भयावर चालणारे साधन आहे. हातात तुतारी असते, तिच्या टोकाला खिळा असतो. बैल बसला तर शेपूट पिरगळतात. आणि त्याच गावात असाही शेतकरी असतो जो गोऱ्ह्याला महिनाभर नुसते हात लावून, नाव घेऊन, अंगावर फिरण्याची सवय लावतो. मग जाणत्या बैलाच्या जोडीला त्याला रिकामे जू देऊन चालवतो, नंतर हलके ओझे देतो. त्याचा बैल नावाने थांबतो आणि नावाने वळतो. एकाच कामाच्या या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. म्हणून 'दुसरा इलाज नाही' हे म्हणणे टिकत नाही.

कायदाही याबाबत मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. वेसण व खच्चीकरण विहित रीतीने केल्यास त्याने सूट दिली आहे. पण १९६५ च्या नियमांनी खिळ्याची काठी वापरण्यास मनाई केली. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, तसेच ३७ अंशांपेक्षा अधिक उष्णता असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असेही त्यांत आहे. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. हा नियम जणू आपल्याच जिल्ह्यासाठी लिहिला आहे. तो किती गावांत माहीत आहे?

शंकरपटाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना अटींसह वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे पट भरवणे आज कायदेशीर आहे. पण कायदेशीर असणे आणि कुशल कर्म असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न्यायालय सांगते की शिक्षा होणार नाही. पटाच्या जोडीला काही सेकंदांत जिवाच्या आकांताने पळायला कोणते भय लावते, हा प्रश्न पंचशील घेतलेल्या माणसाने स्वतःलाच विचारायचा आहे.

येथे तथागतांकडे वळू. अंगुत्तर निकायात केशी नावाच्या अश्वसारथ्याची कथा आहे. तथागत त्याला विचारतात, तू घोड्याला कसे शिकवतोस? केशी सांगतो की काहींना मऊपणाने, काहींना कठोरपणाने, काहींना दोन्हींनी. आणि तिन्हींनी जो शिकत नाही त्याचे काय करतोस? केशी म्हणतो, त्याला मी मारून टाकतो, माझ्या गुरुपरंपरेला बट्टा लागू नये म्हणून. मग केशी उलट विचारतो, आपण माणसांना कसे शिकवता? तथागत म्हणतात, मीही तसेच शिकवतो. चांगले वर्तन आणि त्याचे फळ दाखवणे हा मऊपणा. वाईट वर्तन आणि त्याचे फळ दाखवणे हा कठोरपणा. काहींना दोन्ही. जो तरीही शिकत नाही, त्याला मी मारतो. केशी चकित होतो. प्राणहत्या तर आपणांस शोभत नाही! तथागत खुलासा करतात की जो शिकूच इच्छीत नाही, त्याला उपदेश करण्याजोगा समजत नाहीत, त्याच्याशी बोलणे सोडतात. आमच्या विनयात यालाच मारणे म्हणतात.

ही कथा वरवर वाचणारा म्हणेल की दोन्ही सारथी सारखेच, शब्दही तेच. पण शब्द सारखे ठेवूनच तथागतांनी भेद दाखवला आहे. तो तीन ठिकाणी दिसतो.

पहिला भेद, शिक्षण कोणाच्या हितासाठी? घोडा शिकतो तो धन्याच्या रथासाठी. भिक्षू शिकतो तो स्वतःच्या दुःखमुक्तीसाठी. दुसरा भेद, कठोरपणा कशाचा? तथागतांच्या कठोरपणात कोठेही काठी नाही. कृतीचे फळ स्पष्ट सांगणे एवढीच त्यांची कठोरता, आणि ते तपासून पाहण्यास शिष्य मोकळा आहे. तिसरा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नकार देणाऱ्याचे काय होते? केशीच्या तबेल्यात त्याला मरण आहे. संघात त्याच्याशी बोलणे थांबते, तो स्वतःच्या वाटेने जाऊ शकतो. शिकवणाऱ्याची परीक्षा आज्ञाधारक शिष्यावर होत नाही. ती नकार देणाऱ्याशी तो कसा वागतो यावर होते.

दुसरी कथा नंदिविशाल बैलाची. ती जातकात आहे आणि विनयातही आहे. तक्षशिलेचा एक ब्राह्मण आपला बैल शंभर गाड्या ओढील अशी हजाराची पैज लावतो. जुंपल्यावर मात्र तो बैलाला शिवी देऊन हाकतो. बैल हलत नाही, पैज जाते. पुढे ब्राह्मण गोड शब्दांनी हाकतो आणि दोन हजारांची पैज जिंकतो. विनयात ही कथा कोठे आली आहे ते पाहा. अपमानकारक बोलण्याला दोष ठरवणाऱ्या नियमापाशी ती आली आहे, आणि त्या नियमात जन्मावरून, कुळावरून, धंद्यावरून हिणवणे स्पष्टपणे मोजले आहे. जातिवाचक शिवी किती जिव्हारी लागते हे शिकवण्यासाठी तथागतांनी बैलाचे उदाहरण दिले. अपमान बैलालाही सोसत नाही, मग माणसाला कसा सोसेल?

पण येथेच थांबून चालणार नाही. गोड शब्दांनी हाकलेल्या नंदिविशालाने ओढल्या त्या शंभर गाड्याच, आणि दोन हजार गेले ते ब्राह्मणाच्या पदरात. मऊ शब्द हे क्रूरतेपेक्षा निश्चित चांगले. पण मऊ शब्द म्हणजे न्याय नव्हे. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुंबई इलाख्यातील महार वतनाचा इतिहास आठवा. थोडी जमीन आणि सुगीला बलुते, या मऊ दोराने सारा समाज रात्रंदिवस गावकी व सरकारी कामाला बांधलेला होता. दरवेळी चाबूक लागत नव्हता. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांचा रोख एखाद्या पाटलाच्या स्वभावावर नव्हता, त्या दोरावरच होता.

कोणी विचारील, आपल्या माणसांचे प्रश्न सुटले नाहीत, आणि बैल-घोड्यांची चर्चा कशाला? ही शंका रास्त आहे. मेलेली ढोरे ओढणे ज्यांच्यावर लादले गेले, त्यांना जनावरांवरील दयेचे धडे देणारे पुष्कळ भेटले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची दया माणसापर्यंत पोचली नाही. तसली दया आपल्याला नको. परंतु बाबासाहेबांनी जी बावीस प्रतिज्ञांची दीक्षा दिली, तीत प्राणिमात्रांवरील करुणेची प्रतिज्ञाही आहे, आणि ती विषमता नाकारणाऱ्या प्रतिज्ञांच्या शेजारीच आहे. एक घेऊन दुसरी सोडण्याची सोय त्यात नाही.

शिवाय एक फरक ध्यानात घ्या. माणूस कितीही दडपला तरी त्याला वाचा आहे. तो संघटित होऊ शकतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला हजारो लोक उभे राहिले आणि त्यांनी जुना दोर स्वतःच्या हाताने तोडला. बैलाला असा दिवस कधी येणार नाही. त्याचा नकार म्हणजे फार तर बसून राहणे. म्हणून त्याच्या बाबतीत सारी जबाबदारी दोर धरणाऱ्यावर येते.

मग काय करावे? उद्यापासून सर्वांनी बैल सोडून द्यावेत असे मी म्हणत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याला तसे सांगणे हे शहाणपण नव्हे. पण केशीच्या कथेतील तीन प्रश्न प्रत्येकाने आपल्या गोठ्यात उभे राहून विचारावेत. हे काम ह्या जिवाच्याही हिताचे काही परत देते काय, म्हणजे चारा, पाणी, सावली, आजारपणात औषध, म्हातारपणी आसरा? हे काम भयाने होते की सवयीने व विश्वासाने? आणि तो अडला तर मी प्रथम काय करतो? खांदा सुजला आहे का, खूर दुखतो आहे का, ओझे जास्त आहे का, हे पाहतो की तुतारी उचलतो?

या प्रश्नांची उत्तरे कृतीत आणणे अवघड नाही. तुतारीचा खिळा काढून टाकावा. भर उन्हात जू उतरवावे. खच्चीकरण पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. गोऱ्ह्याला घाई न करता जाणत्या बैलासोबत शिकवावे. पटावर पैसा लावू नये आणि मुलांना तेथे शौर्य पाहायला नेऊ नये.

आणि शेवटी मुलांविषयी. जनावराला छडीने शिकवणारा हात घरात आल्यावर वेगळा होत नाही. शाळेत शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे, पण घरात ती चालूच असते. तथागतांची रीत घरासाठीही आहे. चांगल्याचे फळ दाखवा, वाईटाचे फळ दाखवा, गरज पडल्यास दोन्ही दाखवा. मूल अडले तर अबोला धरू नका, कारण तथागतांच्या मते न बोलणे हीच सर्वांत मोठी शिक्षा आहे. मुलाचे शिक्षण मुलाच्या हितासाठी असते, आपला शब्द खाली पडू नये यासाठी नसते.

भद्रावतीच्या विजासन टेकडीतील लेण्यांत तथागतांची आसनस्थ मूर्ती आहे. तिच्यापुढे वंदना घेताना 'पुरिसदम्मसारथी' हा शब्द आला की एवढे आठवावे: ज्याने शिकवले पण कोणाला बांधून ठेवले नाही, त्याला आपण सारथी म्हणतो.

भवतु सब्ब मंगलं.