पद्धत बदलली म्हणून कृती बदलते काय?

विवाहपूर्व शिबिरात एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकावा लागतो. तो वर्गात सर्वांदेखत कोणी विचारीत नाही, चहाच्या सुट्टीत, आवाज खाली आणून विचारतात : "फादर, शस्त्रक्रिया नाही, नुसती गोळी घेतली, तर तोही गर्भपातच का?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. पद्धत बदलली की कृतीचे नैतिक मोल बदलते काय, हा जुना तात्त्विक प्रश्नच त्यात दडलेला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या समितीच्या अहवालातून १९७१ चा गर्भपातविषयक कायदा आला. चोरून, अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातांत स्त्रिया दगावत, हे समितीपुढचे दुःख खरे होते आणि ते आम्ही नाकारीत नाही. त्या काळी मार्ग एकच होता. आपल्या बायका ज्याला 'पिशवी साफ करणे' किंवा 'क्युरेटिंग' म्हणतात तो. पुढे खरवडण्याऐवजी नळीने शोषून घेण्याची अधिक सुरक्षित पद्धत रूढ झाली. ती काही मिनिटांत आटोपते व बहुधा एका भेटीत संपते; मात्र रुग्णालय, भूल व डॉक्टरांचे हात तिला लागतात.

गोळ्यांचा मार्ग निराळा. १९८८ साली फ्रान्सने मान्य केलेले मिफेप्रिस्टोन हे औषध भारतात २००२ साली आले. गर्भधारणा टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे कार्य ते रोखते. एकदोन दिवसांनी घ्यायचे मिसोप्रोस्टॉल गर्भाशय आकुंचित करून त्यातील सारे बाहेर टाकते. हे सुरुवातीच्या आठवड्यांतच करता येते. वेदना व रक्तस्राव घरीच सोसावा लागतो, तो कित्येक दिवस चालतो, आणि काही थोड्या जणींना शेवटी शोषणपद्धतीचाच आधार घ्यावा लागतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन्ही पद्धती स्त्रीच्या शरीराला बव्हंशी सुरक्षित आहेत, असे वैद्यकशास्त्र सांगते. चिठ्ठीवाचून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणे मात्र धोक्याचे. कारण गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत रुजला असेल तर या गोळ्या त्यावर चालत नाहीत आणि जीवावरचे संकट लपून राहते.

आता नैतिक बाजू. ख्रिस्तसभेच्या परंपरेत कृतीचा न्याय तीन गोष्टींवरून होतो : कृती स्वतः काय आहे, ती कोणत्या हेतूने केली आणि कोणत्या परिस्थितीत केली. गोळी आणि नळी यांत साधन वेगळे. पण वाढू लागलेला मानवी जीव थांबवणे हे जे केले जाते ते एकच. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या आपल्या परिपत्रकात हीच शिकवण ठामपणे मांडली. विष पाजणे आणि गळा दाबणे यांत आपण नैतिक भेद करीत नाही. म्हणून चहाच्या सुट्टीतील प्रश्नाला आमचे उत्तर : होय, तोही गर्भपातच.

मग पद्धतीला नैतिक अर्थच नाही काय? आहे, आणि तो नलिकेतील गर्भाच्या उदाहरणात दिसतो. तेथे बाळ जगण्याची आशा नसते आणि उपचार लांबला तर आईही जाते. फाटू पाहणारी रोगग्रस्त नलिका काढणे धर्मशिक्षणतज्ज्ञ योग्य मानतात. कारण तेथे बाळाचा मृत्यू हा उद्देश नसून पुढे दिसणारा, न टाळता येणारा परिणाम असतो. एकाच कृतीचे दोन परिणाम आणि त्यांतील हेतूचा भेद यांचा विचार संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच केला होता. नलिका न काढता औषधाने उपचार करण्याबाबत मात्र निष्ठावान कॅथलिक तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अशा वेळी कुटुंबाने वाद घालीत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

आणखी एक भेद आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. शस्त्रक्रियेत अनेक हात दिसतात. गोळी स्त्री आपल्याच हाताने तोंडात टाकते, आणि तिला तेथवर ढकलणारे सारे हात अदृश्य होतात. 'आत्ताच नको' म्हणणारा नवरा, 'पुन्हा मुलगीच झाली तर' म्हणणारी सासू, वचन देऊन पाठ फिरवणारा तरुण, घरभाड्याची चिंता. यांपैकी कोणाच्याही हाताला डाग दिसत नाही. ज्या महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली, त्या महाराष्ट्रात हे हात आपल्या घरांत नाहीत असे कोणी म्हणू नये. भय आणि दडपण यांनी करणाऱ्याचा दोष उणावतो, हेही सभेचेच शिक्षण आहे. उणावलेला तो दोष कोठे जातो, याचा विचार आपण करीत नाही.

येथे आम्हांला आमचीही कबुली दिली पाहिजे. व्यासपीठावरून या विषयावर आम्ही वर्षानुवर्षे कडक बोललो. पण अविवाहित मुलीला दिवस गेल्याची कुजबुज धर्मग्रामात पसरली, तेव्हा ती कुजबुज थांबवायला आम्ही तितक्याच कडकपणे बोललो नाही. जी मुलगी आमच्या दाराशी येऊ धजत नाही, तिला औषधाचे दुकान जवळचे वाटले तर तिच्यावर एकटीवर बोट कसे ठेवावे?

ज्या भगिनींच्या मनात हे ओझे आहे त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे : २०१६ साली परमगुरू फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्वच धर्मगुरूंना दिला. पद्धत कोणतीही असो, परतीचे दार एकच आणि ते उघडे आहे.

दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला मुलासाठी नवस बोलणाऱ्या माता येतात. त्याच गर्दीत, पोटात बाळ असूनही ते कोणाला सांगता येत नाही, अशीही एखादी असेल. पवित्र मरिया दिवस राहिल्यावर डोंगराळ प्रदेशातील अलिशिबेकडे गेली. तिला कोणी जाब विचारला नाही, आनंदाने आत घेतले, आणि ती तेथे सुमारे तीन महिने राहिली. ते सुरुवातीचेच महिने होते. आपल्यापैकी किती घरे तीन महिने असे दार उघडतील? जीवनाच्या बाजूने बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे या एका उत्तरावर ठरेल.