दीड माणसाची गणती

ज्याने युद्धात शस्त्र हाती घेतलेले नाही, किंवा घेतलेले खाली ठेवले आहे, अशा माणसाला आंतरराष्ट्रीय कायदा संरक्षण देतो, आणि 1949 च्या चारही जिनिव्हा करारांत समान असलेले तिसरे कलम असे सांगते की वंश, वर्ण, धर्म, जन्म किंवा संपत्ती यांवरून कोणताही भेद न करता अशा माणसाला माणुसकीने वागवले पाहिजे. या तरतुदीमागील गृहीतक मात्र कोणताही करार सिद्ध करून देऊ शकत नाही. समोरचा माणूस पूर्ण एक माणूस म्हणून आधीच मोजला गेलेला आहे, हे ते गृहीतक होय. वांशिक संघर्षात, म्हणजे भाषा, वंश किंवा धर्म यांच्या आधारे स्वतःला वेगळे मानणाऱ्या समूहांच्या संघर्षात, सर्वांत आधी ढासळते ते हेच गृहीतक, आणि बंदुका थंडावल्या म्हणून ते आपोआप पुन्हा उभे राहत नाही. श्रीलंकेत 1983 पासून मे 2009 पर्यंत चाललेले यादवी युद्ध आणि त्यानंतरचा काळ या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे, कारण माणसांच्या गणतीचा हा प्रश्न तेथील धर्मपरंपरेने स्वतःच सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे.

इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास पाली भाषेत रचलेला महावंस हा ग्रंथ लंकेच्या राजघराण्यांचा आणि बौद्ध संघाचा पद्यमय इतिहास आहे. त्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या दुट्ठगामणी या सिंहली राजाने अनुराधपुर येथे राज्य करणाऱ्या एळार या तमिळ राजाचा पराभव केल्याची कथा येते. विजयानंतरच्या रात्री महालात सर्व सुखे हात जोडून उभी असतानाही राजाला चैन पडत नाही, कारण आपल्या हातून अक्षौहिणी सेनेचा संहार झाला ही टोचणी त्याला लागलेली असते. तेव्हा पियंगुदीपाहून आठ अर्हत, म्हणजे निर्वाणपदाला पोहोचलेले भिक्षू, त्याचे सांत्वन करण्यास येतात आणि सांगतात की या युद्धात राजाच्या हातून फक्त दीड माणूस मारला गेला. मेलेल्यांपैकी एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशील स्वीकारले होते, उरलेले सर्व मिथ्यादृष्टीचे आणि दुःशील असल्यामुळे पशूंहून अधिक मोलाचे नव्हते. राजाची टोचणी खरी होती आणि तिच्यावरचा उतारा म्हणून त्याला बेरीज करून दाखवण्यात आली.

या बेरजेत जी चूक आहे ती करुणा कमी पडल्याची चूक नव्हे, शीलाची दिशा उलटवण्याची चूक आहे. पंचशील म्हणजे प्राणिहत्या, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहण्याचे पाच नियम, आणि ते ज्याने घेतले त्याच्या हातांना बांधून ठेवतात. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात हे पाच नियम पाच महादाने म्हणून वर्णिले आहेत आणि त्यांचे कारण असे दिले आहे की शील पाळणारा उपासक अपरिमाण, म्हणजे ज्यांचे मोजमाप होऊ शकत नाही अशा, सर्व जीवांना अभय देतो. सुत्ताच्या दृष्टीने शील हे मारू शकणाऱ्याचे कर्तव्य आहे. महावंसातील अर्हतांनी ते मरणाऱ्याचे पात्रता-प्रमाणपत्र करून टाकले. एकदा अशी पात्रता ठरवली की तिची परीक्षा घेण्याचा अधिकार अर्थातच विजेत्याकडे जातो, आणि मग आज शील विचारणारा उद्या देशभक्ती विचारतो. मानवी हक्क या संकल्पनेचे सार याच ठिकाणी आहे: माणसाची गणती त्याच्या गुणावगुणांच्या हिशेबाआधी होते, आणि दोषी ठरलेल्याला शिक्षा द्यायची असली तरी ती पूर्ण माणसाला द्यायची असते.

महावंसाला केवळ या एका उत्तरावरून तोलणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याच अध्यायात दुसरीही एक गोष्ट आहे. एळार परका असूनही त्याच्या न्यायबुद्धीचे वर्णन त्या ग्रंथाने मोकळेपणाने केले आहे, आणि तो रणांगणावर पडल्यावर दुट्ठगामणीने त्याच्या देहाला सन्मानाने अग्नी दिला, तेथे चैत्य उभारला आणि त्यासमोरून जाताना वाद्ये थांबवावीत असा दंडक घातला, असे सांगितले आहे. याहून मोठा दाखला सम्राट अशोकाचा, ज्याच्या महेंद्र नावाच्या पुत्राने लंकेत बौद्ध धर्म नेला असे परंपरा मानते. कलिंगच्या युद्धानंतर कोरवलेल्या तेराव्या शिलालेखात अशोकाने शत्रुपक्षाचा हिशेब स्वतः दिला आहे: दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली. हे आकडे ढोबळ असतील, अशोकाने कलिंगचे राज्य परतही केले नाही, आणि त्याच लेखात अरण्यवासी जमातींना आपल्या सामर्थ्याची जाणीव करून देण्यास तो विसरत नाही. तरीही विजेत्याने हरलेल्यांचे मृत लाखांनी मोजून दगडावर कोरावेत, यात त्यांना माणूस म्हणून मान्यता मिळते. लंकेच्या बौद्ध परंपरेला अशा रीतीने दोन वारसे लाभलेले आहेत, दीड माणसाचा आणि दीड लाखांचा.

आधुनिक राज्याने यांपैकी कोणता उचलला, याचे उत्तर एकाच घटनेत सापडत नाही, परंतु 1956 हे वर्ष निर्णायक होते. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव अनेक बौद्ध देशांत चालू असताना जून महिन्यात पंतप्रधान बंडारनायके यांच्या सरकारने सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा संमत केला, आणि तमिळ भाषक स्वतःच्याच देशातील कचेरीत परके झाले. योगायोग असा की त्याच वर्षी 14 ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. 1950 मध्ये ते बौद्ध परिषदेसाठी कोलंबोला जाऊनही आले होते. जे त्रिशरण आणि पंचशील महावंसातील कथेत माणसांना गणतीबाहेर ठेवण्याचे माप ठरले होते, तेच नागपुरात गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या मुखी स्वतःच्या पूर्ण माणूसपणाची घोषणा म्हणून आले. धर्मवचन एकच असले तरी ते बहुसंख्याकांच्या हाती मालकीचा दस्तऐवज होऊ शकते आणि वंचितांच्या हाती हक्काचा, हे या एका वर्षाने दोन देशांत दाखवून दिले.

2009 च्या पहिल्या पाच महिन्यांत गणतीचा प्रश्न तत्त्वज्ञानातून उतरून थेट तांदळाच्या पोत्यांपर्यंत आला. तमिळांच्या स्वतंत्र राज्यासाठी लढणारी लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम ही संघटना, म्हणजे तमिळ वाघ, मागे हटत असताना लाखो तमिळ नागरिक त्यांच्यासोबत ईशान्य किनाऱ्यावरील मुल्लैतिवु जिल्ह्यात, शेवटी नंदिक्कडल खाडी आणि समुद्र यांच्यामधील मुल्लिवाय्क्काल नावाच्या वाळूच्या पट्टीवर अडकले. सरकारने गोळीबारमुक्त क्षेत्रे जाहीर केली आणि तेथे सुमारे 70,000 लोक असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात युद्ध संपल्यावर छावण्यांत पावणेतीन लाखांहून अधिक माणसे भरली. माणसे कमी मोजली गेली की त्यांच्यासाठी जाणारे अन्न आणि औषधही त्याच हिशेबाने कमी जाते, म्हणून ही कागदावरची चूक पोटावरची चूक ठरली. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने 2011 मध्ये असे म्हटले की मृत नागरिकांची संख्या 40,000 पर्यंत असू शकते आणि त्यांतील बहुतेक मृत्यू सरकारी तोफांच्या माऱ्याने झाल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत. सरकारचे अधिकृत धोरण मात्र शून्य नागरी जीवितहानीचे होते. अर्हतांच्या दीडपासून शून्यापर्यंतचे अंतर फारसे नाही.

तथापि माणसे कमी मोजण्याचा दोष एकट्या राज्याकडे नव्हता. त्याच तज्ज्ञमंडळाने वाघांनी नागरिकांना ढालीसारखे वापरल्याचे, पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्याचे आणि मुलांना सक्तीने भरती केल्याचे नमूद केले आहे. घरटी एक माणूस लढ्यासाठी द्यावा हा त्यांचा दंडकही एक गणतीच होती, जिच्यात कुटुंबातील प्रत्येक जण हा संघटनेच्या मालकीचा साठा ठरत होता. 1990 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी उत्तर प्रांतातील सुमारे 70,000 मुसलमानांना हाकलून दिले आणि जाफना शहरात त्यासाठी अवघ्या दोन तासांची मुदत दिली. हे लोक पिढ्यानपिढ्या तमिळच बोलत होते, तरी तमिळांच्या मुक्तीच्या हिशेबात ते धरले गेले नाहीत. 1985 मध्ये अनुराधपुरच्या पवित्र बोधिवृक्षाच्या परिसरात यात्रेकरूंवर आणि बसस्थानकावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा शंभराहून अधिक निःशस्त्र माणसे बळी पडली. अन्याय सोसलेला समूहही आपल्या लढ्यात दीड माणसाचेच गणित वापरू शकतो.

येथे राज्याच्या बाजूचा युक्तिवाद गांभीर्याने घेतला पाहिजे. युद्धकाळात कोलंबोतील आईबाप एकाच बसने प्रवास करीत नसत, कारण बॉम्ब फुटला तर मुले एकदमच पोरकी होऊ नयेत. 2009 नंतर ही भीती नाहीशी झाली, आणि जगण्याचा हक्क हा पहिला मानवी हक्क असेल तर तो सर्वांना युद्ध जिंकल्यानेच मिळाला, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारणाऱ्याला सिंहली माणसाशी संवाद करता येणार नाही. मात्र त्यातून निघणारी सुरक्षा ही अभयदानाच्या जातीची आहे. अभयदान म्हणजे शरण आलेल्याला समर्थाने दिलेला जीवदानाचा शब्द. तो देणे थोर असले तरी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे अशी त्यात अपेक्षा असते. हक्क म्हणजे ज्याच्यासाठी कोणाचेही आभार मानावे लागत नाहीत असे अभय. उत्तरेतील लाखो लोक वावुनियाजवळच्या मनिक फार्मसारख्या काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले गेले, ती छावणी 2012 मध्ये बंद झाली, अनेकांच्या जमिनी त्यानंतरही लष्कराच्या ताब्यात राहिल्या, आणि 1979 चा दहशतवादविरोधी कायदा युद्ध संपल्यावरही लागू राहिला. या सर्वांत अन्न, निवारा आणि रस्ते मिळाले असतील, परंतु ते मिळाले अभयदान म्हणून.

या अपुऱ्या अभयाचे सर्वांत बोलके रूप म्हणजे बेपत्ता माणूस. 20 फेब्रुवारी 2017 रोजी किलिनोच्ची येथील कंदस्वामी, म्हणजे मुरुगन, मंदिरासमोर तमिळ आया आणि बायका मुलांची व नवऱ्यांची छायाचित्रे मांडून धरण्याला बसल्या. त्यांतील अनेकींचे म्हणणे असे की युद्धाच्या अखेरच्या दिवशी आम्ही आमचा माणूस स्वतः सैन्याच्या हवाली केला, तेव्हा तो कोठे आहे हे सांगा. 2016 मध्ये बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय स्थापण्याचा कायदा झाला आणि मृत्यूच्या दाखल्याऐवजी अनुपस्थितीचा दाखला देण्याची सोयही झाली. व्यवहारात हा दाखला उपयोगी आहे, कारण त्यामुळे कुटुंबाला मृत्यू कबूल न करता सरकारी मदत आणि मालमत्तेचे व्यवहार शक्य होतात. पण ज्याला जिवंतांत धरता येत नाही आणि मृतांतही नाही, असा अर्धा माणूस त्याने नोंदवहीत कायम केला. श्राद्ध घालावे तर मरणाची तिथी नाही, आणि वाट पाहावी तर तिला अंत नाही.

हे दुःख एका वंशाचे नाही. 1987 ते 1989 या काळात जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली तरुणांच्या डाव्या संघटनेचे बंड चिरडले गेले तेव्हा दक्षिणेतील हजारो सिंहली मुले अशीच नाहीशी झाली, आणि नव्वदच्या दशकात त्यांच्या बौद्ध आयांनी कोलंबोतील काली मंदिरात नारळ फोडून दोषींना शाप दिले. न्यायालयाने ऐकले नाही म्हणून हिंदू देवतेकडे गेलेली सिंहली आई आणि छायाचित्र घेऊन मुरुगनच्या दारात बसलेली तमिळ आई या दोघी राज्याला एकच गोष्ट मागत होत्या, ती म्हणजे आपल्या माणसाची नोंद.

मे 2009 मध्ये मुल्लिवाय्क्काल येथे तांदूळ, पाणी आणि मीठ एवढ्यावरच शिजवलेल्या कांजीवर लोकांनी दिवस काढले. कोकण-गोव्यातील वाचकाला ती पेज म्हणून सहज ओळखता येईल. दरवर्षी 18 मेच्या सुमारास तमिळ लोक तीच कांजी रस्त्यावर शिजवून वाटतात, आणि ती पिणे हेच मृतांचे स्मरण होते. 2024 मध्ये त्रिंकोमली जिल्ह्यातील संपूर येथे ती वाटल्यावरून काही जणांना अटक झाली. त्याआधी 2021 च्या जानेवारीत जाफना विद्यापीठातील मुल्लिवाय्क्काल स्मारक रात्रीतून पाडण्यात आले आणि विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर ते पुन्हा बांधावे लागले. या स्मरणाआडून वाघांचे उदात्तीकरण होते, हा आक्षेप काही प्रसंगी खरा असू शकतो. परंतु त्यासाठी मृत नागरिकाचे स्मरणच गुन्हा ठरवणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा गणतीतून वगळणे होय. दुट्ठगामणीने तर हाती शस्त्र घेऊन लढलेल्या शत्रुराजाच्या चैत्यापुढे वाद्ये थांबवायला लावली होती. ज्या राज्याला त्याचा वारसा हवा आहे त्याला त्या आठ अर्हतांची बेरीज बाजूला ठेवून राजाची मूळची टोचणीच जपावी लागेल, कारण झोप उडालेल्या त्या राजाला मेलेली माणसे किती होती हे सांत्वन करणाऱ्यांपेक्षा अधिक नीट ठाऊक होते.