अधांतरी

परवा आमचा भाचा तोंड पाडून आला. "मामा, मित्राची उसनवारी बिटकॉइनमध्ये फेडली. पण दोन दिवस झाले, व्यवहार पक्काच होत नाही!" वीस वर्षं काउंटरवर 'चेक क्लिअरिंगला गेलाय' एवढंच सांगत आलेल्या माणसाकडे तो सल्ल्याला आला, हे त्याचं दुर्दैव.

प्रकार असा की, साधारण दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक बनतो. त्यात जागा मोजकी. जो शुल्क जास्त देईल, तो आधी आत. आमच्या चिरंजीवांनी नेमकी तिथंच काटकसर केली! आता शुल्क वाढवून व्यवहार पुन्हा पाठवावा. नाहीतर ३३६ तास, म्हणजे १४ दिवस थांबून बहुतेक संगणक तो यादीतून काढून टाकतात. पैसे मात्र परत येत नाहीत. कारण ते गेलेलेच नसतात!

"मग गप्पच बसतो," भाचा हळूच म्हणाला. "पैसेही राहिले, आणि पाठवल्याचं समाधानही."

मी रागावणारच होतो. पण २०१९ साली सुताराला दिलेला चेक आठवला. त्यानं तो भरलाच नाही, हरवला असेल. तीन महिन्यांनी चेक शिळा झाला, आणि मी मनाशी म्हटलं, 'आपण तर दिला होता बुवा!'

यंत्र विसरतं तो व्यवहार. देणं विसरायला माणूसच लागतो.

"शुल्क वाढव," मी म्हटलं, आणि सुताराचं घर शोधायला चपला घातल्या.