बाप्तिस्म्यावाचून गेलेल्यांचं काय?

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव ठेवलेलं आहे. बहुतेक पर्यटकांसारखाच मीही तिथं फोटो काढून बाहेर पडलो होतो. पुढे कधीतरी त्यांच्या १५५२ सालच्या एका पत्राबद्दल वाचलं आणि तो फोटो पुन्हा उघडून पाहिला.

जपानमध्ये नुकतेच ख्रिस्ती झालेले लोक त्यांना विचारत होते : आमचे आईवडील, आजेपणजे तुमचा देव ठाऊक नसतानाच गेले. त्यांचं काय? झेवियर यांनी त्या काळच्या शिकवणीप्रमाणे सांगितलं, नरकात गेलेल्यांची सुटका नाही. लोक रडायचे. त्यांना रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, असं झेवियर लिहितात.

मी अडकलो ते इथंच. नियम सांगणाऱ्यालाच त्या नियमाचं दुःख होत असेल, तर चूक कशात मानायची? दुःखात की नियमात?

आम्हा प्रोग्रामर लोकांना ‘इफ’ लिहिलं की ‘एल्स’चा विचार करावाच लागतो. कॅथलिक श्रद्धेतला ‘इफ’ स्पष्ट होता : तारणासाठी बाप्तिस्मा हवा. ‘एल्स’वर मात्र शतकानुशतकं वाद चालला. धर्मासाठी मरण पत्करलेल्यांना आणि बाप्तिस्म्याची इच्छा मनात असताना गेलेल्यांना सूट मिळाली. पण तान्ह्या बाळाला कसली इच्छा? पाचव्या शतकात संत ऑगस्टीन म्हणाले, मूळ पापामुळे तेही नरकातच जाणार, फक्त त्याची शिक्षा सर्वांत सौम्य. मध्ययुगात ‘लिंबो’ची कल्पना रुजली. थॉमस अक्वायनस यांच्या मते तिथं बाळांना यातना नाहीत, एक प्रकारचं सुखही आहे. पण देवाचं दर्शन नाही.

लिंबो हा चर्चचा अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता. तरी त्याची किंमत माणसांनी मोजली. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नसे. ‘किलीन’ म्हणवल्या जाणाऱ्या वेगळ्या जागी, बरेचदा रात्री, त्यांना पुरलं जाई. विसाव्या शतकातही हे चालू होतं.

मग भाषा बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये म्हटलं, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाचा आशय असा : देवानं तारण बाप्तिस्म्याशी जोडलं, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांबद्दल आशेला भक्कम आधार आहे, असं सांगितलं. खात्री मात्र दिली नाही.

‘मग बाप्तिस्मा हवाच कशाला?’ हा माझा पहिला प्रश्न होता. आता तो तितकासा बिनतोड वाटत नाही. नियम माणसाला वाट दाखवतो. त्या वाटेनं न आलेल्याला देवानं दार लावून घ्यावं, असं त्यातून आपोआप निघत नाही.

मी ख्रिस्ती नाही. पण आजोबांच्या दहाव्याला घाटावर तासभर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा आत्या हात जोडून रडत होती, “दादा, काय राहिलं हो तुमचं?” शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी तेव्हा मनात हसलो होतो : ही तर पळवाट! आज वाटतं, ज्यानं कुणी ही सोय केली, त्याला घाटावर रडणारी आत्या दिसली असणार.

मला चर्चचा बदल पळवाट वाटत नाही, तो याच कारणासाठी. खंत एकच आहे. आत्याला दर्भाचा कावळा तासाभरात मिळाला. रात्री बाळ पुरून परतणाऱ्या त्या आयांपर्यंत आशेचा शब्द वेळेत पोचला नाही. देव संस्कारांनी बांधलेला नाही हे जर खरं असेल, तर ते त्या रात्रीही खरंच होतं. तेव्हा ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.