सुपारी, बिदागी आणि मान

गेल्या मार्गशीर्षात एका स्नेह्यांच्या षष्ट्यब्दीच्या सोहळ्यास जाण्याचा योग आला. सकाळी देवळात अभिषेक झाला, महाजन मंडळींच्या पंगती उठल्या, आणि संध्याकाळी इष्टमित्रांसाठी एका बागेत मेजवानी होती. बागेच्या कोपऱ्यात, आंब्याच्या झाडाखाली, एक तरुण गिटार घेऊन गात होता. साथीला कोणी नव्हते; एक ध्वनिक्षेपक, एक उंच स्टूल आणि तो. जुनी हिंदी चित्रपटगीते, काही कोंकणी, काही इंग्रजी गाणी तो सुमारे तीन तास गायिला. त्या तीन तासांत त्याच्याकडे तोंड करून बसलेला एकही माणूस आम्हांस दिसला नाही. एका गाण्याच्या ऐन मध्यावर घरचे कोणी पुढे झाले, हातानेच थांबण्याची खूण केली आणि केक कापण्याची घोषणा झाली. तो थांबला आणि हसला. मागाहून त्याचे ताट, जेथे भांडी घासली जात होती तेथे, एका खुर्चीवर ठेवलेले आम्ही पाहिले.

आमचे स्नेही सज्जन आहेत. ठरलेली रक्कम त्यांनी त्याच रात्री पैन् पै चुकती केली. अन्याय झाला असे तेथे कोणालाच वाटले नाही. आम्हांसही त्या वेळी वाटले नाही, आणि घरी आल्यावर नेमके हेच आम्हांस बोचू लागले. पैसे पुरते दिले, तर गाणाऱ्याचे आणखी काय देणे उरते, हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे तेव्हापासून मनात होते.

हा प्रकार आता गोव्यात अपरिचित राहिलेला नाही. कळंगुट-कांदोळीच्या किनाऱ्यावरील उपाहारगृहांत आणि मद्यगृहांत पर्यटकांच्या हंगामात असे एकटे गायक संध्याकाळी बसतात. लग्नाच्या स्वागतसमारंभांतून, बारशांतून, वाढदिवसांतूनही त्यांस बोलावणे जाते. ‘वन मॅन बँड’ हा शब्द आमच्या घराघरांत रुळला आहे. पाच जणांचा ताफा आणावयाचा तर पाच जणांचे मानधन, वाहन व जेवण यांचा भार पडतो. एकटा माणूस परवडतो. परंतु जे आम्हांस स्वस्त पडते, ते त्यास मात्र महाग पडते. ताफ्यातील गायकाचा घसा दमला तर वादक दोन घटका सांभाळून घेतात. एकट्याला तो आसरा नाही. तार तुटली, वीज गेली, शब्द आठवेनासा झाला, तरी सावरावयाचे त्यानेच. पाऊणएक तास गाऊन थोडी विश्रांती, पुन्हा पाऊण तास, असा क्रम ठेवल्याखेरीज गळा टिकत नाही. परंतु त्या विश्रांतीतच कोणीतरी येऊन विचारतो, ‘गाणे बंद का पडले?’

यावर एक सरळ उत्तर आहे, आणि ते हलके लेखण्यासारखे नाही. मेजवानी ही मैफल नव्हे. लोक बोलावयास जमतात, वर्षांनी भेटतात; त्यांनी तोंडे मिटून बसावे असे म्हणणे हा त्यांच्यावरच जुलूम होईल. गायकासही हे ठाऊक असते. संभाषणाखालून वाहणारे गाणे पुरविणे हेच त्याचे काम, आणि त्याचे दाम त्यास मिळते. सुताराने केलेल्या खुर्चीवर बसताना आपण सुताराचे स्तवन करीत नाही. मग गायकाचेच काय म्हणून करावे?

या युक्तिवादातील अर्धे आम्हांस मान्य आहे. न ऐकलेले गाणे म्हणजे अपमानित गाणे, असे आम्ही मानीत नाही. आपल्या देवळांचीच साक्ष घ्यावी. नगारखान्यात ठरल्या वेळी चौघडा झडतो, सनई वाजते. खालून भाविक येतात-जातात, फुले घेतात, मुलांना हाका मारतात. वर मान करून ऐकत उभा राहणारा क्वचितच असतो. तरीही त्या वादकास आपण उपेक्षिलो गेलो असे वाटत नाही. याचे कारण उघड आहे. त्याचे वादन आपल्यासाठी नसतेच मुळी; ते देवासाठी असते. देवळात ऐकणारा एक ठरलेला असतो आणि तो कधी गैरहजर नसतो. आपण ऐकले तर तो आपला लाभ. न ऐकले तरी सेवा रुजू होते.

मेजवानीतील गिटारवाल्यास हा श्रोता नसतो. त्यास ज्याने बोलावले, तो यजमान हाच त्याचा अखेरचा श्रोता. पाहुण्यांनी बोलावे, हसावे. परंतु जो बोलावतो त्याने ती रिकामी जागा भरून काढली पाहिजे. ती त्याने सोडली की गाणे कोणाच्याच स्वाधीन राहत नाही, आणि गाणारा माणूस खुर्च्या-दिव्यांच्या रांगेत जाऊन बसतो. सुताराची खुर्ची सुतार घरी गेल्यावर वापरली जाते. गाण्यात मात्र माणूस स्वतः समोर उभा असतो आणि आपण त्याकडे पाठ फिरवीत आहोत हे तो पाहत असतो. खुर्चीचा दृष्टान्त येथेच लंगडा पडतो.

आपल्या भाषेने हा भेद पूर्वीच ओळखला होता. कलावंताशी ठरविताना सुपारी दिली जाई; तीत नुसता सौदा नव्हता, आमंत्रणाचा मान होता. त्याच शब्दास आज कोणता अर्थ चिकटला आहे हे सांगावयास नको. गायकास जे द्यावयाचे त्यास बिदागी म्हणत. बिदा म्हणजे निरोप. निरोपाच्या वेळी जे हाती ठेवावयाचे ती बिदागी. ज्यास निरोप द्यावयाचा तो अर्थातच पाहुणा असतो. मजुरीत काम आणि दाम एवढेच पाहिले जाते. बिदागीत आल्याचे स्वागत आणि गेल्याची हुरहूर गृहीत धरलेली असते.

परंतु पूर्वी सारे आलबेल होते असे म्हणून आम्ही सुटू पाहणार नाही. ज्या अंत्रुज महालाच्या देवळांचा आपणांस अभिमान, त्याच देवळांच्या सावलीत कलावंतांची घराणी पिढ्यान् पिढ्या गायिली आणि नाचली. सेवेबद्दल त्यांस देवस्थानच्या जमिनी मिळत. माणूस म्हणून बरोबरीचे पान मात्र मिळाले नाही. गाणे सभामंडपात हवे आणि गाणारी बाई उंबऱ्याबाहेर, ही रीत आपल्याच पूर्वजांची. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या दोघींनीही अल्लादिया खाँसाहेबांपाशी खडतर विद्या केली आणि साऱ्या देशाकडून मान मिळविला. केसरबाई आपल्या अटींवरच गात आणि मैफलीच्या शिस्तीविषयी करारी होत्या, अशी त्यांची ख्याती आहे. त्यास कोणी ताठा म्हणोत; ज्यांच्या आधीच्या पिढ्यांस अट घालण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या तोंडी ती अट म्हणजे न्यायच होता.

आपल्या ख्रिस्ती बांधवांकडेही हीच कथा वेगळ्या रूपाने आढळते. चर्चच्या पाठशाळांतून स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतील थोर वादक व संयोजक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव आले ते शिष्याच्या कृतज्ञतेमुळे. परंतु ते गाणे गुणगुणणाऱ्या कित्येकांस असा कोणी खरा माणूस होता याचा पत्ताही नसतो. तशा शेकडो वादकांची नावे पडद्यावर बहुधा आलीच नाहीत. सूर सर्वांनी घेतला. सूर देणारा अनामिक राहिला.

काही वाचक विचारतील की मद्यगृहात गाणाऱ्याची वकिली देवळाच्या मंडळींनी का करावी? मद्याविषयी आमचे मत वाचकांहून निराळे नाही. परंतु पेला गायक भरीत नाही. तो तेथे गातो, कारण तेथे त्यास दाम मिळतो. आणि ज्या घरांतून मद्यगृहाची निंदा होते, त्याच घरांतून मेजवानीसाठी त्याच गायकास बोलावणे जाते. ज्याचे गाणे आपल्या अंगणात चालते, त्याची प्रतिष्ठाही आपल्या अंगणात चालली पाहिजे.

मग द्यावयाचे ते काय? त्यात खर्चाचे फारसे काहीच नाही. किती वेळ गावयाचे, मध्ये विश्रांती किती, ध्वनियंत्रणा कोणी आणावयाची हे आधी बोलून घ्यावे आणि विसार द्यावा, म्हणजे समारंभ ऐन वेळी रद्द झाला तरी त्याची ती संध्याकाळ सर्वस्वी बुडत नाही. आवडीची गाणी असतील तर दोन दिवस आधी कळवावी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री दहास बंद करावयाचा असतो, तो यजमानाने स्वतः करावा, पोलिसांसमोर गायकास उभे करू नये. घोषणा करावयाची असेल तर गाणे संपेपर्यंत थांबावे. तीन मिनिटांनी कोणाचा मुहूर्त टळत नाही. त्याचे पान पाहुण्यांच्या पंगतीत मांडावे. आणि आरंभी एकदा उभे राहून त्याचे नाव चारचौघांत उच्चारावे. पाहुणे मग खुशाल बोलोत. ज्याचे नाव घेतले गेले तो त्या घरचा झाला, आणि त्याचे गाणे निराधार राहिले नाही.

आता स्वतःपुरते. आमच्या देवस्थानच्या वार्षिक संमेलनाचा हिशेब लिहिण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. परवा जुनी वही चाळली. आमच्याच अक्षरात एक ओळ सापडली: ‘मंडप, दिवे, खुर्च्या व गायन’, आणि पुढे एकच आकडा. त्या वर्षी कोण गायिले होते हे आठवण्याचा आम्ही बराच प्रयत्न केला. नाव काही आठवले नाही. स्नेह्यांच्या बागेतील त्या तरुणाचे नावही आम्ही विचारले नव्हते.

यंदाच्या वहीत गाणाऱ्याची ओळ निराळी राहील. तीत आधी नाव असेल, मग ‘बिदागी’ हा शब्द, आणि आकडा त्यानंतर.