वाढीव वर्षे कोणासाठी?

वार्धक्य म्हणजे झीज, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. जाते झिजते, उंबरठा झिजतो, तसे शरीरही झिजते. त्याला इलाज नाही. या समजुतीला १९९३ साली सिंथिया केनियन या अमेरिकन संशोधिकेने जबर धक्का दिला.

केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर यांच्या प्रयोगशाळेत काम करून केनियनबाई १९८६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता मातीत राहणारा एक गोलकृमी. लांबी जेमतेम एक मिलिमीटर आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. ‘डाफ-२’ या एकाच जनुकात बदल झालेले कृमी दुपटीने जगतात, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. ज्या वयात इतर कृमी निपचित पडत, त्या वयात हे हिंडतफिरत होते. ‘डाफ-१६’ हे दुसरे जनुक निकामी केले, की मात्र हा लाभ नाहीसा होई. म्हणजे म्हातारपण ही नुसती झीज नव्हे. तिची गती शरीरच आतून नियंत्रित करते. १९९७ साली गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने ‘डाफ-२’चे माणसातील इन्शुलिनशी संबंधित जनुकांशी असलेले नाते उघड केले आणि कृमीची गोष्ट माणसाच्या दाराशी येऊन ठेपली. गूगलने २०१३ साली वार्धक्याच्या संशोधनासाठी ‘कॅलिको’ ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी केनियनबाई तेथे वार्धक्य-संशोधनाच्या उपाध्यक्षपदी गेल्या.

आयुष्याची दोरी परमेश्वराच्या हाती आहे, असे आपण मानतो. मग हे संशोधन म्हणजे त्याच्या योजनेत ढवळाढवळ म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. मोतीबिंदू काढून घेताना किंवा रक्तदाबाची गोळी घेताना आपण असा प्रश्न विचारीत नाही. दुसऱ्याच्या म्हातारपणातील यातनांना ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होणे ही श्रद्धा नव्हे, ते निष्ठुरपण होय.

तरीही एक शंका उरते. २०१० सालच्या पुनरुत्थान-जागरणाच्या प्रवचनात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी हाच विषय घेतला होता. मृत्यू अनिश्चित काळ पुढे ढकलता आला, तर मानवजात म्हातारी होईल, तरुणांना जागा उरणार नाही आणि असे न संपणारे जगणे हाच एक शाप ठरेल, असा त्यांचा आशय होता. कृमींच्या बाबतीतही असेच काहीसे दिसले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीर्घायुषी कृमी सामान्य कृमींच्या सोबत वाढवले, तेव्हा मोजक्या पिढ्यांतच दीर्घायुषी मागे पडले. कारण ऐन उमेदीत त्यांना संतती कमी होत होती. कृमीवरून माणसाचे नीतिशास्त्र काढू नये, हे खरे. परंतु लांबलेल्या आयुष्याची किंमत कोणीतरी मोजतो, एवढे त्यातून ध्यानात येते.

मग सीमारेषा कोठे आखावी? शुभवर्तमानातील पेत्राच्या सासूचा प्रसंग आम्हांला येथे मार्गदर्शक वाटतो. प्रभूने तिचा ताप घालवला आणि ती लगेच उठून सर्वांची सेवा करू लागली. तिला आरोग्य मिळाले, ते इतरांच्या उपयोगी पडले. वाढीव वर्षांची कसोटी हीच असावी. दहा निरोगी वर्षे मिळाली आणि त्यांत नातवंडांना संस्कार लाभले, शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस झाली, तर ते वरदान होय. तीच वर्षे खुर्ची, घर आणि मालमत्ता घट्ट धरून ठेवण्यात गेली, तर मथुशलहाचे ९६९ वर्षांचे आयुष्यही तोकडेच. शिवाय असे औषध निघालेच आणि ते केवळ धनवंतांच्या हाती गेले, तर मृत्यूच्या दारातही गरीब-श्रीमंत अशा दोन रांगा लागतील.

चिरंतन जीवनावरील आपली श्रद्धा वर्षांच्या बेरजेवर उभी नाही. म्हणून या संशोधनाची आपल्याला भीती नको, आणि त्याची भक्तीही नको. प्रयोगशाळेतून औषध येईल तेव्हा येवो. परंतु आपल्या धर्मग्रामात आज जे वृद्ध खाटेवर पडून कोणाची तरी वाट पाहत आहेत, त्यांच्या वाट्याला येणारा एक तास वाढवण्यासाठी कोणत्याही जनुकात बदल करावा लागत नाही.