लक्ष्मीचे चार हात

घोलवडच्या आमच्या घरी ओटीवर लक्ष्मीचे एक जुने चित्र आहे, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातले. दर दिवाळीला आई ओल्या फडक्याने त्याची काच पुसायची आणि मग घटकाभर तशीच बघत राहायची. लक्ष्मी कमळावर उभी, अंगभर दागिने, साडी अगदी चोख. आईच्या बोटांना मात्र चिकूचा चीक.

हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगागणिक वेगळा दगड लावून ही चित्रे छापीत. राजघराण्यातल्या स्त्रिया जवळून पाहिलेल्या चित्रकाराने देवीला राणीचा डौल दिला, आणि छापामुळे ती राणी आमच्यासारख्यांच्या ओटीवर आली.

युरोपातही खानदानी बायका अशाच छापून घरोघर गेल्या. आब्राम बॉस या फ्रेंच कलावंताने १६३३ मध्ये शहरी लग्नसंसारावर चित्रमाला कोरली. तिच्यात बाळंतिणीची उंची खोली आहे. पण सुईणही आहे. काम कोणाच्या हातचे, हे निदान दिसते.

मग कष्ट झाकणारे चित्र खोटे म्हणावे का? मी बरीच वर्षे 'हो' म्हणत आलो. मास्तरकीची खोड, दुसरे काय! पण त्या चित्रापुढे आईची वाकलेली पाठ क्षणभर ताठ होई. तो क्षण खोटा ठरवणारा मी कोण?

आमच्याकडे एक वारली बाई कामाला होती. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू. विहिरीचे पाणी तीच भरी. एकदा तिच्या पाड्यावर लग्नाला गेलो. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहिला होता. मध्ये पालघट देवी. चौकाबाहेर झाडे, माणसे, आणि डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई. पाणी भरणारीलाही त्या भिंतीवर जागा होती.

माझ्या पहिल्या कादंबरीत मी आई रंगवली, तुळशीपाशी दिवा लावणारी, शांत. वाचकांची कौतुकाची पत्रे आली. आईने ती वाचून एवढेच विचारले, "अरे, हिच्या घरी पाणी कोण भरतं?" मी हसून वेळ मारून नेली.

आता आई नाही. यंदा काच मी पुसली. लक्ष्मीला हात चार. आईला दोनच होते. उरलेले दोन कोणाचे, ते दुसऱ्या आवृत्तीत घालीन म्हटले होते. आवृत्ती निघाली. वाचकांना आवडलेल्या आईला हात लावायचे धैर्य मला झाले नाही.